तंबाखू सोडू पाहणारा माणूस नेमका कुठल्या टप्प्यावर आहे, हे घरच्यांनी कसं ओळखावं?

प्रश्न (कोपरखैरणे): बाबा ५२ वर्षांचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. तरुणपणापासून तंबाखू खातात. काही वर्षांपूर्वी शुगर निघाली, गोळी मात्र वेळेवर घेतात. मागच्या दसऱ्याला त्यांनी तंबाखू सोडली होती. चैत्रात गावच्या जत्रेला गेले आणि परत सुरू झाली. आता विषय काढला की उठून गॅलरीत जातात. चालायला जा म्हटलं तर ऐकत नाहीत. मी कॅन्सरचे व्हिडिओ दाखवले, शपथ घातली, अबोलाही धरला. माणूस टप्प्याटप्प्याने बदलतो असं वाचलं. मग बाबांचा टप्पा येणार कधी? (आई मिश्री लावते, पण ती आता काही सोडणार नाही.)

उत्तर:

तुमच्याच पत्रातली एक गोष्ट आधी तुमच्यासमोर ठेवते. दसरा ते चैत्र, म्हणजे जवळजवळ सहा महिने बाबांनी तंबाखू खाल्ली नाही. आणि काम कुठे, तर तुर्भ्याच्या मार्केटात, जिथे गाडी खाली करताना दर थोड्या वेळाने कुणीतरी तळहात पुढे करतं आणि विचारतं, ‘चुना आहे का?’ मी ऐरोलीत बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, मार्केटातले आणि एमआयडीसीतले पुष्कळ पेशंट बघते. सहा महिने राहिलेला माणूस माझ्यासमोर बसला तर मी त्याच्याशी ‘ऐकत नाही’ या खात्यातला म्हणून बोलणार नाही. तुमच्या पत्रात हे सहा महिने एका ओळीत संपलेत. घरातही ते तसेच संपले असतील, तर बाबा गॅलरीत का जातात ते मला कळतं.

तुम्ही वाचलेले टप्पे जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडले. सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा त्यांनी अभ्यास केला, त्यात कुठल्याही उपचाराशिवाय आपापल्या बळावर सोडणारेही होते. १९८३ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. माणूस एका रात्रीत ‘खाणारा’चा ‘न खाणारा’ होत नाही, मध्ये बरंच काही घडतं, आणि त्या प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळी मदत लागते, हा त्यांचा मुद्दा. आधी बदलाचा विचारच नसतो. मग विचार घोळायला लागतो: सोडायची तर आहे, येत्या सहा महिन्यांत बघू. मग तयारी, म्हणजे महिन्याभरात सुरुवात करायची असं मनाशी ठरलेलं. मग प्रत्यक्ष बदल, त्याचे पहिले सहा महिने. त्यापुढे तो टिकवणं. आणि यातल्या कुठल्याही ठिकाणाहून माणूस मागे येऊ शकतो.

आता एक गोष्ट, जी घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. टप्पा माणसाचा नसतो, त्या एका सवयीचा असतो. बाबांचंच बघा. गोळीच्या बाबतीत ते शेवटच्या टप्प्यावर आहेत, वर्षानुवर्षं नियमित घेतायत. माझ्या पेशंटमध्ये शिकलेसवरलेले लोकसुद्धा ‘शुगर नॉर्मल आली’ म्हणून परस्पर गोळी बंद करतात, तेव्हा हे कमी समजू नका. तंबाखूच्या बाबतीत ते एकदा बदल करून परत आलेत. आणि चालण्याच्या बाबतीत ते पहिल्याच टप्प्यावर आहेत, म्हणजे तो विचार त्यांच्या डोक्यात नाहीच. का असेल? रात्री उठून पाठीवर गोण्या वाहणाऱ्या माणसाला संध्याकाळी ‘एक राउंड मारून या’ म्हटलं, तर त्याला ते पटणार कसं? मी असते तर चालण्याचा विषय सध्या बाजूला ठेवला असता. घरात एका वेळी तीन आघाड्या उघडल्या की माणूस तिन्हीकडे पाठ फिरवतो. शुगर असलेल्याने तंबाखू खात राहणं हृदयाला जास्त महागात पडतं, तेव्हा आधी तंबाखू.

आता गॅलरीत जाणाऱ्या बाबांकडे येऊ. पहिल्या टप्प्यावरची माणसं अडाणी असतात असा एक समज आहे. तंबाखूने कॅन्सर होतो हे आज मार्केटात कुणाला माहीत नाही? पुडीवर फोटो असतो. तरी विषय नको वाटतो, त्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाला ‘मला सांगणारा तू कोण’ असं वाटतं. कुणाकडे ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते’ हे उत्तर तयार असतं. आणि काही जणांनी एकदा जीव तोडून प्रयत्न केलेला असतो, तो फसलेला असतो, आणि ‘आपल्याच्याने होत नाही’ हे त्यांनी मनात पक्कं केलेलं असतं. वरून ही सगळी माणसं सारखीच दिसतात: विषय टाळणारी, चिडणारी, उठून जाणारी. पण तिसऱ्या प्रकारच्या माणसाला कॅन्सरचा व्हिडिओ दाखवणं म्हणजे त्याच्या हरण्यावर बोट ठेवणं. त्याला भीती पुरेशी आहे. त्याच्याकडे कमी पडतोय तो भरवसा. तुमच्या पत्रावरून बाबा मला या तिसऱ्या प्रकारातले वाटतात.

म्हणून समजावणं थांबवा. बाबांना सोडून द्या असं मी म्हणत नाही, फक्त बोलण्याची तऱ्हा बदला. विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारू सोडवण्याच्या संदर्भात एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. तिचं सार असं की बदलाच्या बाजूचं बोलणं आपण करायला लागलो, की समोरच्याच्या वाट्याला विरुद्ध बाजूच उरते. द्विधा मनाच्या माणसाच्या आत दोन्ही बाजू असतात. तुम्ही ‘सोडा’ म्हणता, तो ‘का नाही सोडत’ ते सांगतो, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच ते जास्त पटत जातं. कन्सल्टिंग रूममध्ये हे मी रोज बघते. तेव्हा प्रश्न असा विचारा की बदलाच्या बाजूचं वाक्य त्यांच्या तोंडून यावं.

सुरुवात तंबाखूच्या चांगल्या बाजूपासून करा. ‘बाबा, तुम्हाला तंबाखूने बरं काय वाटतं?’ हे मनापासून विचारा. मला मार्केटातल्या पेशंटकडून मिळालेली उत्तरं सांगते. रात्रीच्या कामात झोप येत नाही. भूक मारली जाते, नाश्त्याची गाडी लागेपर्यंत निभतं. सकाळी पोट साफ होतं, हे तर किती जण सांगतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे टोळीत बसणं. गाडीची वाट बघत गाळ्यासमोर पाच-सहा जण टेकलेले असतात, एक जण तंबाखू तळहातावर घेतो, नखाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, टाळी मारून पूड उडवतो आणि हात फिरवतो. प्रत्येक जण चिमूट घेतो. त्या वर्तुळात बसून ‘नको’ म्हणणाऱ्याला काय वाटत असेल, याचा घरातल्या कुणीच विचार केलेला नसतो. ही यादी बाहेर आली की पुढचं नियोजन तिच्यावरच उभं राहतं, कारण सोडल्यावर बाबांना झोप, भूक, पोट आणि टोळी या चारही जागी काहीतरी दुसरं लागणार आहे.

मग आणखी दोन प्रश्न. ‘शून्य ते दहामध्ये, तंबाखू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’ समजा ते चार म्हणाले. ‘चारच का?’ असं विचारू नका. ‘दोन का नाही म्हणालात?’ असं विचारा. उत्तरादाखल ते सोडण्याची कारणं सांगायला लागतील. नातवाचं नाव येईल, दातांचं येईल, तुमच्या लग्नाचं येईल. तुम्ही फक्त ऐका, मध्ये पडू नका, ‘हेच तर मी म्हणत होते’ असं तर अजिबात म्हणू नका. दुसरा प्रश्न: ‘आणि सोडायची ठरवलीत तर जमेल असं किती वाटतं?’ महत्त्व आठ आणि भरवसा दोन असं आलं, तर समजा की उपदेशाचं काम संपलेलं आहे. आता हातात साधनं द्यायची.

ही साधनं म्हणजे तयारी, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माणसं इथे घसरतात, कारण हा टप्पा कुणी घेतच नाही. सणावाराला मनात आलं, पुडी खाडीत फेकली, संपलं. दुसऱ्या दिवशी तलफ आली की हातात काहीच नसतं. घोडबंदर रोडवरच्या एका आयटीवाल्या पेशंटचं HbA1c (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) सहाच्या पुढे गेलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांनी चालण्यासाठी महागडे बूट आणि घड्याळ घेतलं, आणि महिनाभरात बूट रॅकवर गेले. बूट ही खरेदी होती. तयारी म्हणजे रात्री साडेनऊला घरी पोचणारा माणूस कुठल्या वाराला, किती वाजता आणि कुणाबरोबर चालणार, हे ठरणं. ते ठरल्यावर त्यांची गाडी पुढे सरकली. (जाता जाता: मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांनी असं चालणं-खाणं सुधारलं तर फरक पडतो, हे आपल्याकडच्याच लोकांवर तपासलेलं आहे. चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका त्यामुळे २८.५ टक्क्यांनी कमी झाला.)

बाबांच्या तयारीत मी काय काय धरीन? महिन्याभरातली एक तारीख, त्यांनी निवडलेली. जत्रा, लग्न, सीझनची गर्दी यांपासून लांबची. टोळीत निदान एका माणसाला, शक्यतो मुकादमाला, आधी सांगून ठेवणं. घरातल्या पुड्या, चुन्याची डबी, शर्टाच्या आणि पिशवीच्या खिशातला चुरा, सगळं आदल्या रात्री बाहेर. मग ‘असं झालं तर तसं करीन’ अशी दोन-तीन वाक्यं, अगदी ठरवून. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवून दिलं की नुसत्या इराद्यापेक्षा असा जोडून ठेवलेला बेत जास्त वेळा पार पडतो. ‘गाळ्यासमोर कुणी हात पुढे केला तर मी लवंग तोंडात टाकून नळावर जाईन.’ ‘पहाटे तलफ आली तर आधी गरम पाणी पिईन.’ तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी वेळ निघायला हवी. सुपारी मात्र चालणार नाही. तंबाखू सोडून सुपारी धरणारे पुष्कळ बघते. सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलेली आहे. आणि शुगर असल्यामुळे गोड बडीशेपही नको, साधी चालेल.

निकोटिनची गोळी, म्हणजे च्युइंग गम, केमिस्टकडे मिळते. बाबांना शुगर आहे, तेव्हा सुरू करण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ती चघळायची पद्धत मात्र कुणी सांगत नाही आणि मग ‘काही उपयोग झाला नाही’ असं लोक म्हणतात. ती सारखी चावायची नसते. हळू चावायची, तोंडात झिणझिण आली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत थोडी चावायची. चहा-कॉफी घेतली असेल तर पाव तास थांबून मगच तोंडात टाकायची, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय टोल फ्री नंबर आहे. २०१८ पासून तो तंबाखूच्या पुड्यांवर छापावा लागतो. बाबांना पुडीवरचा फोटो दाखवण्याऐवजी त्याखालचा नंबर दाखवा.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड, झोप न लागणं, डोकं दुखणं, भूक वाढणं आणि बद्धकोष्ठ. बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत उतरतो. बद्धकोष्ठाची कल्पना आधी द्या, कारण ‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ हे वाक्य चौथ्या दिवशी खरं झाल्यासारखं वाटतं आणि बार भरला जातो. पाणी, पालेभाज्या, गरज पडली तर डॉक्टरांकडून इसबगोल. या दिवसांत बाबा तुमच्यावर ओरडले तर ते निकोटिन उतरण्याचं लक्षण समजा आणि उत्तर देऊ नका.

२१ दिवसांत सवय बदलते असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ ते २५४ दिवसांपर्यंत वेळ लागला, मधला आकडा ६६. त्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जमण्यात फारसा फरक पडला नाही. तो अभ्यास चालणं, फळ खाणं अशा नव्या सवयी लावण्याचा होता. निकोटिनचं व्यसन त्याहून चिवट असतं, पण बाबांसारख्यांना धीर द्यायला तेवढं पुरतं.

आणि आता जत्रा. तिथे काय झालं असेल ते मला कळतं. गावाला पोचले, भावकी जमली, पारावर चुलतभावाने तंबाखू मळली, ‘आज एवढं चालतं रे’ म्हणून हात पुढे केला. त्या एका चिमटीने फार बिघडलं नसतं. बिघडलं ते त्यानंतर, जेव्हा मनात आलं की आता मोडलीच, मग कशाला. अॅलन मार्लेट यांनी व्यसनाकडे परतण्याचा अभ्यास करताना हाच क्षण नेमका पकडला. घसरणं आणि परत पडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मधली जागा अपराधीपणाने भरली की पहिलीची दुसरी होते. त्या मधल्या जागेत घरचे काय बोलतात याला फार वजन असतं. ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य तिथे पडलं की परतीचा रस्ता बंद होतो. तुम्ही साताऱ्याकडचे असाल तर खंबाटकीचा घाट तुमच्या ओळखीचा असेल. वळणावर गाडी मागे फिरल्यासारखी वाटते, पण आपण आधीपेक्षा वर आलेलो असतो. प्रोचास्कांनीही पुढे हे टप्पे सरळ जिन्यासारखे न दाखवता गोल वर चढत जाणारे दाखवले. बाबा आज पहिल्यांदा सोडणाऱ्या माणसाच्या जागी नाहीत. त्यांना सहा महिन्यांची माहिती आहे: काय केल्याने राहता आलं, आणि नेमकं कुठे सुटलं. ती माहिती फक्त त्यांच्याकडे आहे. एकदा निवांत असताना विचारा, ‘बाबा, ते सहा महिने तुम्ही कसे काढलेत? मला खरंच जाणून घ्यायचंय.’ आणि पुढच्या जत्रेला जाताना त्यांच्यासोबत कोण बसणार, पारावर काय उत्तर द्यायचं, हे आधीच ठरवा.

टप्प्यांच्या या मांडणीवर टीकाही झाली आहे आणि ती मला बरीचशी पटते. रॉबर्ट वेस्ट या इंग्लंडमधल्या अभ्यासकाने २००५ मध्ये लिहिलं की हे टप्पे पाडण्याच्या सीमा मनाने ठरवलेल्या आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की सिगारेट सोडण्याचे जवळपास निम्मे प्रयत्न कुठलीही आखणी न करता, अचानक झालेले असतात. शेजाऱ्याला अॅटॅक आला, पुडी फेकली. टप्प्यांप्रमाणे दिलेली मदत नेहमीच्या मदतीपेक्षा जास्त सोडवते, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणून मी ‘हा अजून तयार नाही’ असा शिक्का मारून कुणाला परत पाठवत नाही. सोडण्याची मदत प्रत्येकाला, प्रत्येक भेटीत देऊ करते. बाबा उद्या सकाळी अचानक ‘आजपासून बंद’ म्हणाले, तर ‘आधी तयारी करा’ म्हणून थांबवू नका, लवंग आणून द्या आणि तो टोल फ्री नंबर लावून द्या. टप्प्यांचा उपयोग मला एवढाच, की समोरचा कुठून बोलतोय ते ऐकायची सवय लागते.

एक काम मात्र कुठल्याही टप्प्यासाठी थांबत नाही. बाबांचं तोंड दातांच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. सोडण्याची अट न घालता. दोन आठवड्यांहून जास्त न भरलेली जखम, आतून पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात जा. ‘तंबाखू सोडा’ला नाही म्हणणारे कितीतरी जण ‘तोंड दाखवून येऊ’ला हो म्हणतात.

शेवटी आईबद्दल. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तुम्हाला माहीत असणार. तुमच्या पत्रात बाबांवर पानभर आहे आणि आईवर कंसातली एक ओळ. ‘ती आता काही सोडणार नाही’ हे त्या स्वतः म्हणाल्या, की तुम्ही ठरवलंत? माझ्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका येतात, त्यांतल्या बहुतेकींना आजवर घरात कुणी विचारलेलंच नसतं. विचारलं की कळतं, कुणी दिवसाला चार वेळाची दोन वेळा केलेली असते, कुणी मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा बंद ठेवलेली असते, आणि कुणाला दाखवलेलंही नसतं. त्या तयारीच्या टप्प्यावर असू शकतात आणि घरात कुणाला पत्ताही नसेल. बाबा मार्केटातून दुपारी येऊन झोपतात तो वेळ तुमच्या दोघींचा असेल. वर दिलेले प्रश्न आधी आईला विचारून बघा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.